दीप्तीच्या व्हॅनचं लाल तेल

आमच्या दीप्तीला सगळी मुंबई ओळखते असं मी म्हणणार नाही. पण मरोळमध्ये तेरा घरं अशी आहेत, जिथे तिच्याशिवाय सकाळ पुढे सरकत नाही. सात वाजून पाच मिनिटांनी तिची पिवळी स्कूल व्हॅन पहिल्या गेटवर लागते. चार नाही, सहा नाही, पाच. एकदा एका पोराचे पप्पा वरून ओरडले, "मॅडम, दोन मिनिटं थांबा ना, बूट घालतोय!" ही खालून बोलली, "बूट गाडीत घालेल, पोरगा पाठवा." पोरगं मोजे हातात घेऊन धावत आलं. दुसऱ्या दिवसापासून ते पप्पा सातलाच खाली उभे.

ही माझी बहीण. दीप्ती शिवदास घाडीगावकर. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी चंद्रप्रकाश, तिचा मोठा भाऊ, साकीनाक्याला प्रेस मशीनच्या कारखान्यात फिटर. शिक्षण नववी. नववी पास, लक्षात ठेवा. दहावीला बसलोच नाही, त्यामुळे नापास व्हायचा प्रश्नच आला नाही. तिच्याबद्दल मी लिहितोय कारण माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि ती स्वतः तोंड उघडणार नाही.

गाडी तिला मीच शिकवली. म्हणजे क्लच कुठला, ब्रेक कुठला ते मी दाखवलं. बाकी ती ड्रायव्हिंग स्कूलला शिकली, पण पाया माझा.

बी.कॉम. आहे ती. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मरोळला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. त्या गेटवरची त्यांची ड्युटी आणि माझा ओव्हरटाइम, यातून हिचं कॉलेज झालं. मग सहा वर्षं अंधेरीला ऑफिसात नोकरी केली. एसी, फिरती खुर्ची, टेबलावर नावाची पाटी. घरी पाहुणे आले की मी पहिलं ते सांगायचो, पाणी नंतर. आणि एक दिवस ही घरी येऊन बोलते, "दादा, राजीनामा दिला. स्कूल व्हॅन घेतेय."

मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, "कुठली व्हॅन बघितलीस?"

गावाहून आत्याचा फोन, पोरीच्या लग्नाची काळजी. "चंद्या, चेडू डायवर झाला तर तेच्याशी लगीन कोण करतला?" मी सरळ सांगितलं, "आत्ये, आमच्याकडे येशील तेव्हा तुला न्यायला तीच येणार गाडी घेऊन. तेव्हा पुढच्या सीटवर बसायचं का मागे, तेवढं ठरव." लग्नाचा विषय तिने स्वतःच बंद करून टाकलाय. तुम्ही पण काढू नका.

त्याला सात वर्षं झाली. नियम असा की स्कूल व्हॅनमध्ये पोरांना चढवायला-उतरवायला एक बाई पाहिजेच. ती माझी बायको, अनुपमा. नणंद-भावजय रोज चार-पाच तास एका गाडीत, आणि सात वर्षांत भांडण एकच. ते पण खिडकी उघडी ठेवायची का बंद, यावरून. कुठलं पोर उजव्या वळणाला ओकतं, कोणाच्या डब्यात शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला घ्यायला आजोबाच येणार आणि काका आला तर द्यायचं नाही, सगळं दीप्तीच्या डोक्यात. वहीबिही काही नाही.

आणि हात? शाळेच्या मागच्या गल्लीत एका बाजूला पाण्याचा टँकर, दुसऱ्या बाजूला मासळीवाल्या बायकांच्या पाट्या. तिथून ही ती लांबडी व्हॅन साठ फूट रिव्हर्स आणते. पाटीतल्या बोंबलाला पण धक्का लागत नाही. रिक्षावाले थांबून बघतात. अंधेरीतला रिक्षावाला कोणासाठी थांबतो का? हिच्यासाठी थांबतो.

आता मुद्द्यावर येतो.

मे महिन्यात शाळा बंद, व्हॅन आमच्या बिल्डिंगच्या आवारात उभी. मला हाताला काम नसलं की रविवार चावतो. मी सहज बॉनेट उघडलं. बघतो तर स्टीअरिंगच्या तेलाची डबी खालच्या खुणेच्या पण खाली. पावर स्टीअरिंग म्हणजे काय, तर एक पंप तेल ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला जोर देतं. ड्रायव्हरने नुसता हात ठेवायचा. म्हणजे हायड्रॉलिकच. आणि हायड्रॉलिक म्हटलं की साकीनाक्याला माझं नाव घेतात. दोनशे टनाचा प्रेस मी एकट्याने उघडून परत बसवलाय, विचारा कोणालाही. घरात कारखान्यातलं अडुसष्ट नंबरचं तेल पडून होतं, अर्धा कॅन, मालकाला विचारून आणलेलं. ओतलं. डबी वरच्या खुणेपर्यंत भरली, हात पुसले, वर येऊन चहा प्यायलो. कोणाला सांगितलं पण नाही. एवढ्याशा कामाचं काय सांगायचं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात जेवताना अनुपमा बोलली, "अहो, दीप्तीचा खांदा बघितलात? बाम चोपडून फिरतेय."

"का? काय झालं?"

"नवीन वर्षाचे फॉर्म भरून घ्यायला गाडी घेऊन घरोघर फिरतेय ना, त्यात स्टीअरिंग जड झालंय. आणि सकाळी गाडी चालू केली की म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो. बिल्डिंगमधली पोरं खिडकीत येतात बघायला."

मी उठून दीप्तीकडे गेलो. ती गवार निवडत बसली होती.

"काय गं, मला नाही सांगायचं?"

"काय सांगू? गॅरेजला दाखवलं. तो बोलतो पंप गेला, खालचा स्टीअरिंग बॉक्स पण गेला. दोन्ही नवीन टाका. आठ दिवस गाडी ठेवा."

"मग ठेव. जाऊ दे आठ दिवस."

"सोमवारी पासिंग आहे, दादा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनी स्कूल व्हॅन दर वर्षी आरटीओच्या साहेबांसमोर उभी करावी लागते. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग, सगळं बघतात. पास झाली तर कागद. दीप्तीने शांतपणे सांगितलं, "सोमवार चुकला तर पुढची तारीख पंधरा दिवसांनी. शाळा बुधवारी गाड्यांची यादी बंद करणार. पासिंगचा कागद नाही त्या गाडीची लाइन दुसऱ्या व्हॅनवाल्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे तेरा पोरं गेली. सात वर्षं एकेक घर फिरून जमवलेली."

बोलताना गवारीच्या शेंगा मोडत होती. कट, कट. मी काही सुचवणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "रविवारी तू काय करतोस?"

"मी? काही नाही."

"मग गाडीचं काम करू. घरीच." तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं, कंपनीचं, खुणा करून ठेवलेलं. "जुनं तेल सगळं काढायचं. नवीन लाल तेल घालत घालत आतलं धुऊन काढायचं. मग कळेल पंप गेलाय का नुसतं तेल खराब आहे. गॅरेजवाल्याने तेल बघितलंच नाही, नुसता आवाज ऐकून सांगितलं."

"घरी होईल हे?"

तिने माझ्याकडे बघितलं. "का? हायड्रॉलिक म्हटलं की साकीनाक्याला कोणाचं नाव घेतात?"

मी जॅक कुठून आणायचा ते ठरवायला लागलो.

रविवारी सकाळी नऊला आम्ही खाली. दीप्तीने तयारी अशी केली होती की मोठ्या गॅरेजवाल्याने येऊन बघावी. लाल तेलाचे दोन डबे, एकेक लिटरचे. नरसाळं. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या. माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी, ती मरोळ नाक्याच्या मासेवाल्याकडून. म्हणजे शोभेचे मासे विकतो तो. जॅक मी कारखान्यातून आणला. पुढची दोन्ही चाकं उचलली, वजन पेलायला खाली लोखंडी घोड्या लावल्या, मागच्या चाकांना विटा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे मी सगळ्यांना तीन वेळा सांगितलं.

तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. विद्याधर पेठे. मूळचे पार्ल्याचे, बँकेतून रिटायर, बिल्डिंगमध्ये नोटीस लावायची असली की स्वतः टाइप करतात.

"चंद्रप्रकाश, बोर्डावर काय लिहिलंय? आवारात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई."

"दुरुस्ती नाही काका," दीप्ती ड्रायव्हरच्या सीटवरून बोलली, "नुसतं तेल बदलतोय. तुम्ही नाही का घरी कढईतलं तेल बदलत?"

"कढई मी पार्किंगमध्ये मांडत नाही."

"उद्या पासिंग आहे हो काका. आज नाही झालं तर माझी शाळेची लाइन जाते."

पेठेकाकांनी गाडीकडे बघितलं. त्यांची नात पण याच गाडीने जायची, पाचवीपर्यंत. मग बोलले, "फरशीवर एक थेंब पडला तर काम बंद. मी इथेच बसतो." आणि खरंच वरून खुर्ची मागवून बसले. पेपर घेऊन. पण पेपर उलटत नव्हते, नजर फरशीवर.

थेंब कसा पडेल? मी खाली गणेशोत्सवाचा जुना फ्लेक्स घडी करून अंथरला होता. मंडळाच्या सगळ्या सल्लागारांचे फोटो होते त्यावर. ते सगळे तेल झेलायला तयार.

बाबा पण आले. पंचाहत्तरीचे आहेत, पण घरात कुठलंही काम निघालं की त्यांची खुर्ची पहिली लागते.

डबीतून दोन नळ्या जातात. एक तेल पंपाकडे नेते, दुसरी परत आणते. परतीची नळी मी पकडीने सोडवली, डबीकडचं भोक बुचाने बंद केलं, आणि त्या नळीला माशांच्या टाकीची नळी जोडून टोक बाटलीत सोडलं. इंजिन बंद. आता दीप्तीने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, म्हणजे जुनं तेल बाटलीत येणार, आणि डबी खाली व्हायच्या आत मी वरून नवीन ओतायचं. डबी रिकामी झाली की आत हवा शिरते, आणि हवा शिरली की वाट लागली.

"फिरव!"

बाटलीत तेल यायला लागलं. काळपट, चिकट, मधाच्या जुन्या बाटलीतल्या तळासारखं. मी नाक जवळ नेलं. आणि थांबलो.

हा वास मी सव्वीस वर्षं हातावर घेऊन घरी येतोय. साबणाने जात नाही, तो वास. माझ्या प्रेसचं तेल. अडुसष्ट नंबर. या बारीक पंपाला ते जाडं तेल ढकलता ढकलत नव्हतं, म्हणून तो हंबरत होता. म्हणून आमच्या पोरीचा खांदा गेला. गॅरेजवाल्याने पंपाला दोष दिला, मी मनात गॅरेजवाल्याला शिव्या घातल्या, आणि कारण कोण? मी.

"दादा, काय झालं?"

"काही नाही. फिरव."

चेहरा गरम झाला होता, पण हात चालू ठेवले. आमच्याकडे विमानतळ शेजारी. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जातं, आणि ते जाईपर्यंत बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. डबीतलं तेल खाली गेलं, मी ओरडलो, "थांब!" आणि नेमकं वर विमान. दीप्ती फिरवतेय. मी हात हलवला, तर बॉनेट उघडं, तिला दिसणार काय? तिने दोन्ही टोकं गाठली. डबी कोरडी. नळीत गुळगुळ आवाज. गेली हवा आत.

माझी पुढची चूक पण सांगून टाकतो. मी घाई केली. नळी परत जोडली, डबी भरली आणि बोललो, "चालू कर, हवा आपोआप निघेल." तिने चालू केली. देवा! एक म्हैस काय, अख्खा गोठा ओरडला. डबीत लाल तेलाचा गुलाबी फेस, सरबतासारखा, झाकणाच्या वर. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी "काय चाललंय खाली?" म्हणून ओरडलं. दीप्तीने चावी फिरवून बंद केली.

मी डबे मोजले. तेलाचा एक डबा संपला होता. दुसरा राहिलेला. रविवारी साकीनाक्याची पार्टची दुकानं बंद.

मी दरवाज्यापाशी गेलो. ती दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत होती. सात वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती. टँकरच्या गल्लीत नाही, राजीनाम्याच्या दिवशी पण नाही.

"दादा, पंप खरंच गेला असेल तर? उद्या काय नेऊ तिथे?"

"पंप नाही गेला."

"तुला काय माहीत?"

कबूल करायला पण छाती लागते, आणि ती माझ्याकडे आहे. मी बोललो, "त्यात माझ्या प्रेसचं तेल होतं. मे महिन्यात मीच ओतलं. तुला न सांगता."

"माहितीये."

"आँ?"

"कॅन चपलांच्या रॅकखाली ठेवलास. त्याचं झाकण बॅटरीवर विसरलास. मी पुस्तकात बघितलं, त्यात हे तेल घालायचंच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आठ दिवस तोंड लपवून फिरला असतास. मग आज कोणाचे हात वापरले असते मी? वहिनीचे?"

अनुपमा मागून बोलली, "माझे हात काय वाईट आहेत का गं?"

आणि दीप्ती हसली. ती हसली म्हणजे काम पुढे जाणार. तिने पुस्तक उघडलं. "फेस बसेपर्यंत अर्धा तास हात लावायचा नाही. मग इंजिन बंद ठेवूनच, एकदम हळू. आणि दादा, तुझी घाई वर ठेवून ये."

अर्धा तास आम्ही चहा प्यायलो. पेठेकाकांना पण दिला. फेस बसला. पण प्रश्न तोच. विमानं थांबणार नाहीत, मला ती दिसत नाही, तिला मी ऐकू येत नाही. कधी फिरवायचं आणि कधी थांबायचं? अनुपमा मध्ये उभी राहून हाताने खुणा करायला लागली, तर दोघींचं डावं-उजवं उलटं झालं.

तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले.

आमचं आडनाव घाडीगावकर. आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाडीचा. लग्न असो, नवी विहीर असो, घाडी उभा राहून देवाला मोठ्या आवाजात सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला लोक एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज गिरणीत चाळीस मागांच्या खडखडाटात तयार झालेला. विमान त्याला काय करणार?

"गाऱ्हाणां घालूकच होया," बाबा बोलले. "काम सुरू करूच्या आधी घालूक होया हुता. तुमी कोण इचारतास?"

दीप्तीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, घाला! पण सावकाश घाला. दादा, ऐक. 'व्हय म्हाराजा' म्हटलं की मी फिरवणार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाबा बोलतायत तोपर्यंत मी थांबलेली. तेवढ्यात तू तेल ओत, बुडबुडे बघ."

बघा, बी.कॉम.चं डोकं. मी परतीची नळी परत बाटलीत सोडली. बाबांनी टोपी सरळ केली, हात जोडले, गावाच्या दिशेला तोंड केलं. म्हणजे पेठेकाकांकडे, कारण ते मध्ये बसले होते.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या तुजा लेकरू, माजा चेडू दीप्ती, तेचो रोजगार ह्या गाडयेर आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. स्टीअरिंग फिरलं. बाटलीत तेल आलं.

"तेच्या गाडयेचा स्टेरिंग जड झाला आसा, आणि उद्या सरकारी सायबासमोर गाडी उबी करूची आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी ओतलं. डबी भरलेली. बुडबुडे वर येऊन फुटत होते, एक एक.

"ह्येच्यात कोणाच्या हातान काय चुकला-माकला आसात, कोणी न इचारता भलताच त्याल घातला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा!"

यावर "व्हय म्हाराजा" अनुपमाचं सगळ्यात मोठं. मी नरसाळं बघत होतो.

"कोणी नियम दाखवन आडवो इलो आसात, तर तेका पण सुबुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी आवाज चार होते. वळून बघतो तर पेठेकाका पेपर मांडीवर ठेवून हात जोडून बसलेले. अर्धं आयुष्य पार्ल्यात काढलेला माणूस, पण सूर बरोबर लावला.

बाबांची वाक्यं लांब. एकेका वाक्यात ते गावच्या चार पिढ्या आणतात. एरवी आम्हाला कंटाळा येतो, पण त्या दिवशी तो वेळ बरोबर पाहिजे तेवढाच होता. वरून दोन विमानं गेली, बाबांनी त्यांची दखल पण घेतली नाही. बाटलीत आधी काळं आलं, मग विटकरी, मग गढूळ लाल, आणि शेवटी डब्यात होतं तसं स्वच्छ लाल. नळीत एक बुडबुडा नाही. डब्यात चार बोटं तेल उरलं. मी नळी जोडली, क्लिप आवळली, डबी खुणेपर्यंत भरली.

त्या गडबडीत एक थेंब फ्लेक्सच्या बाहेर पडला. मी बघितला. पेठेकाकांनी पण बघितला. त्यांनी शांतपणे त्यावर चप्पल ठेवली आणि पेपर वाचायला लागले.

"आता चालू करू?" मी विचारलं.

"बाबांना संपवू दे," दीप्ती बोलली.

"...तेरा पोरांका सुखरूप शाळेत न्हे, आणि सुखरूप आपापल्या घराक घेवन ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिने चावी फिरवली. इंजिन लागलं. आम्ही कान लावले. इंजिनाचा आवाज, बस्स. दुसरं काही नाही. तिने स्टीअरिंग डावीकडे नेलं, टोकाला दाबून न ठेवता परत उजवीकडे. तळहाताने. नुसत्या तळहाताने, पोळपाटावरची पोळी सरकवतात तसं. मी डबीत बघितलं, तेल शांत, फेस नाही. अनुपमाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरून परत कोणीतरी ओरडलं, "झालं का?" पेठेकाकांनीच वर बघून उत्तर दिलं, "झालं! झकास झालं!"

गाडी खाली उतरवून दीप्तीने बिल्डिंगला एक चक्कर मारली आणि येऊन नळीचे जोड परत तपासले. गळत नव्हतं. जुनं तेल मी बाटल्यांत भरून ठेवलं, कारखान्यात खराब तेलाचं पिंप असतं त्यात टाकायला. गटारात ओतू नका कधी, हे मी लिहून ठेवतो.

सोमवारी मी हाफ डे टाकून तिच्याबरोबर पासिंगला गेलो. गरज नव्हती, पण गेलो. मैदानात व्हॅनची रांग. आमच्या पुढची गाडी स्टीअरिंगलाच नापास झाली. तिचा ड्रायव्हर चांगला उंचापुरा गडी, पण उतरला तेव्हा खांदे पडलेले होते. मी लगेच दीप्तीकडे बघितलं तर ती ओढणी नीट खोचून सीट पुढे-मागे करत होती.

साहेब आले. दिवे बघितले, ब्रेक बघितला, पोरांच्या सीटचे बार हलवून बघितले. मग स्वतः बसले, गाडी चालू केली, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. परत एकदा. मी श्वास घेतला नव्हता.

"पावर मस्त आहे," साहेब बोलले. "एवढ्या जुन्या गाडीचं असं नसतं. कुठे काम केलं?"

"घरी," दीप्ती बोलली.

"घरी? कोणी?"

"माझ्या दादाने."

आता इथे मी काय करायला पाहिजे होतं? छाती काढून उभं राहायचं, एवढंच. ते मी केलं. पण तोंडातून भलतंच निघालं. "साहेब, बिघडवलं पण मीच होतं. भलतं तेल घातलं. शोधून काढलं हिने."

साहेब हसले. सहीसाठी पेन काढत बोलले, "मॅडम, बॉनेटला एक कुलूप घ्या."

"घेतलंय," दीप्ती बोलली.

खरंच घेतलं होतं. मला माहीत नव्हतं.

कागद हातात आला. तिने तो दोनदा वाचला, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि तिथूनच शाळेच्या ऑफिसला फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, यादीत नाव आहे, लाइन तुमचीच. तिने फोन खाली ठेवला, डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी पुसलं आणि मला बोलली, "भूक लागली रे. वडापाव खाऊ." आम्ही दोन-दोन खाल्ले. तिने तिसरा पण खाल्ला.

मग तिने तेरा आयांच्या ग्रुपवर लिहिलं. त्या ग्रुपवर मी नाही, अनुपमा आहे, तिच्या फोनवर मी वाचलं. "पुढच्या सोमवारपासून शाळा. वेळ तीच, सात-पाच. मुलं खाली उभी पाहिजेत, वर फोन करणार नाही." एका आईने विचारलं, "दीप्तीताई, स्टीअरिंगचं काय झालं? आवाज ऐकून आम्ही घाबरलो होतो." हिने दोनच शब्द लिहिले. "दादाने केलं."

अर्धीच गोष्ट आहे ती, मला माहितीये. बाकीची अर्धी मी इथे पूर्ण लिहिलीये, म्हणून हिशोब बरोबर. पण त्या मेसेजचा फोटो मी अनुपमाच्या फोनवरून स्वतःला घेतला आणि पाच जणांना पाठवला.

खोटं कशाला बोलू. अकरा जणांना. आत्याला पण.